नवी डेटा डिस्क: फौंड्रीच्या दफ्तर-सर्व्हरची कामवही

(कमांड आणि फायलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजीत.)

२ जून २०२५

सर्व्हर एडब्ल्यूएसच्या (अ‍ॅमेझॉनचा भाड्याचा क्लाउड) मुंबई विभागात, उबुंटू २४.०४ (लिनक्सचा एक प्रकार). मूळ डिस्क १०० जीबी, त्यातले ८८ जीबी भरलेले. डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) ९१ टक्के दाखवतंय. डीयू (कुठलं फोल्डर किती जागा खातं ते सांगणारी) लावून पाहिलं: कास्टिंगचे तपासणी फोटो आणि ड्रॉइंगच्या फायली ५८ जीबी, पोस्टग्रेस या डेटाबेसचा डेटा ९ जीबी, उरलेले २१ जीबी सिस्टम, लॉग आणि पॅकेजं. कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरच्या ऑफिसातल्या जुन्या मशीनवर आणखी १६० जीबी पडून आहे, तेही पावसाचा जोर वाढायच्या आत वर चढवायचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं होतं. ऑफिस इकडे, कारखाना तिकडे आणि मध्ये पंचगंगा, त्यामुळे तळमजल्यावरच्या मशीनवर एकमेव प्रत ठेवणं परवडणारं नाही.

मूळ डिस्कच वाढवता आली असती, दहा मिनिटांचं काम. तरी डेटाची डिस्क वेगळी काढायची ठरली. फोटोंनी जागा खाल्ली तर नुसतं चढवणं अडेल, आख्खा सर्व्हर बसणार नाही. उबुंटू बिघडलं तर डिस्क काढून दुसऱ्या सर्व्हरला जोडता येते. स्नॅपशॉटही (डिस्कची त्या क्षणाची प्रत) फक्त डेटाचा घेता येतो.

आकाराचा हिशेब: आजचे ६७ आणि ऑफिसचे १६० मिळून २२७ जीबी. दर हीटचे (भट्टीची एक वितळ) फोटो धरून दिवसाला साधारण दीडशे, एक फोटो तीन-साडेतीन एमबी, म्हणजे रोज अर्धा जीबी. वर्षाचे कामाचे ३०० दिवस धरले तर १५० जीबी. एकूण ३७७. डिस्क ५०० जीबीची घ्यायची. हजाराची घेऊन ठेवू नये, कारण क्लाउडची डिस्क चालू असताना वाढवता येते पण कमी कधीच करता येत नाही, आणि भाडं घेतलेल्या आकाराचं लागतं, भरलेल्या जागेचं नाही.

३ जून

डिस्क बनवली: जीपी३, ५०० जीबी. या प्रकारात मुळातच ३,००० आयओपीएस (सेकंदाला वाचण्या-लिहिण्याच्या खेपा) आणि सेकंदाला १२५ एमबी मिळतात, आपल्या कामाला पुरेसे. दोन गोष्टी बनवतानाच बघाव्या लागतात. डिस्क आणि सर्व्हर एकाच झोनमध्ये हवेत. मुंबई विभाग एक असला तरी आत तीन झोन आहेत, आणि दुसऱ्या झोनमधली डिस्क जोडण्याच्या यादीत दिसतच नाही. दुसरं, एन्क्रिप्शनची खूण. ती राहिली तर नंतर त्याच डिस्कवर लावता येत नाही. स्नॅपशॉट घ्या, त्यातून एन्क्रिप्शन लावून नवी डिस्क बनवा, असा वळसा पडतो.

कन्सोलवर (एडब्ल्यूएसचं नियंत्रणाचं पान) जोडताना नाव दिलं /डेव्ह/एसडीएफ. सर्व्हरच्या आत ते नाव कुठेच नाही. नायट्रोवर (एडब्ल्यूएसची नवी सर्व्हर-यंत्रणा) चालणाऱ्या सर्व्हरवर डिस्क /डेव्ह/एनव्हीएमई१एन१ अशी दिसते. इथेच लोक गोंधळतात आणि नको त्या डिस्कवर हात टाकतात. एनव्हीएमई० आणि १ हा क्रम रीबूटनंतर तसाच राहील याचीही खात्री नसते. म्हणून एलएसबीएलके (डिस्कची यादी दाखवणारी कमांड) चालवताना -ओ लावून नाव, सिरियल, आकार आणि माउंट (डिस्क कुठल्या फोल्डरला जोडली ते) हे चार रकाने मागितले. सिरियलच्या जागी डिस्कचा व्हॉल्यूम क्रमांक येतो, मधली आडवी रेघ तेवढी गळते. तो कन्सोलवरच्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिला, मगच पुढे.

डिस्क रिकामीच आहे ना, याची खात्री दोन मार्गांनी. फाइल -एस ने नुसतं ‘डेटा’ एवढं उत्तर दिलं, म्हणजे ओळखीची खूण नाही. मग वाइपएफएस, कुठलाही पर्याय न लावता. असं चालवलं की ती फक्त खुणा दाखवते, पुसत नाही. -ए लावला की पुसते. दोन्हीकडे कोरी.

पार्टिशन करायचं की आख्ख्या डिस्कवर थेट फॉरमॅट मारायचा, यावर बराच वेळ गेला. पार्टिशन नसेल तर पुढे डिस्क वाढवताना एक पायरी वाचते. पण मग एफडिस्कमध्ये डिस्क मोकळी दिसते, आणि मोकळी दिसणारी डिस्क कुणीतरी कधीतरी ‘वापरात’ आणतोच. एक पायरी परवडली. पार्टेडने जीपीटी टेबल (डिस्कच्या भागांची नोंद) आणि १ एमआयबी ते १०० टक्के असं एकच पार्टिशन. सुरुवात १ एमआयबीवर ठेवली की अलाइनमेंटची चिंता राहत नाही. जुना एमबीआर प्रकार ५१२ बाइटच्या सेक्टरने २ टीबीच्या पुढे जात नाही. आज ५०० आहे म्हणून तो चालेल असं म्हणणं म्हणजे पुढच्या माणसाला खड्डा खणून ठेवणं.

नवं पार्टिशन: एनव्हीएमई१एन१पी१. मधला ‘पी’ विसरू नये.

४ जून

फाइल सिस्टम, म्हणजे डिस्कवर फायली मांडायची पद्धत, कुठली: एक्स्ट४ की एक्सएफएस. एक्सएफएस चांगली आहे, इनोड (प्रत्येक फाइलमागची एक नोंद) लागतील तसे बनवते, पण तिचा आकार कमी करता येत नाही. एक्स्ट४ अनमाउंट करून आक्रसता येते. आपल्याकडे कुणालाही अर्ध्या रात्री दुरुस्ती करावी लागली तर हात एक्स्ट४ वर बसलेले आहेत, हे खरं कारण. एक्स्ट४.

फॉरमॅटची कमांड: एमकेएफएस.एक्स्ट४ -एम १ -एल दफ्तरडेटा, आणि पुढे पार्टिशनचं नाव. -एम १ का? नाहीतर ५ टक्के जागा रूटसाठी (सर्व अधिकार असलेलं खातं) राखीव जाते. मूळ डिस्कवर ते ठीक, कारण डिस्क भरली तरी रूटला लॉग लिहिता यावा. डेटाच्या डिस्कवर ५०० तले २५ जीबी असे अडवून ठेवण्यात अर्थ नाही. १ टक्का म्हणजे ५ जीबी. शून्य केलं नाही, कारण अगदी काठोकाठ भरलेली एक्स्ट४ फायलींचे तुकडे पाडत बसते. आधीच फॉरमॅट झाला असेल तर ट्यून२एफएस -एम १ ने चालू डिस्कवरही बदलता येतं.

इनोड: मुळात दर १६ केबीला एक, म्हणजे साधारण ३ कोटी २७ लाख. एकेक २५६ बाइटचा, सगळे मिळून ७.८ जीबी. डीएफमध्ये ५०० ऐवजी ४९२ च्या आसपास आकडा दिसतो तो मुख्यतः यामुळे, डिस्क कमी दिलेली नाही. आपल्या फायली मोठ्या, एवढे इनोड लागणार नाहीत. -आय ६५५३६ दिलं असतं तर सहाएक जीबी वाचले असते. दिलं नाही. इनोडची दाटी फॉरमॅटच्या वेळीच ठरते, नंतर पुन्हा फॉरमॅटशिवाय बदलत नाही. उद्या कुणी प्रत्येक फोटोचे चार आकाराचे थंबनेल साठवायला लागला तर सहा जीबीची ही काटकसर अंगाशी येईल.

फॉरमॅट काही सेकंदांत संपला. तो खरा संपलेला नसतो. इनोडची टेबलं भरायचं काम पुढे ढकललेलं असतं, आणि पहिल्यांदा माउंट केल्यावर एक्स्ट४लेझीइनिट नावाची कर्नलची प्रक्रिया ते मागे बसून करत राहते. आयओटॉपमध्ये ती दिसते. त्या वेळात डिस्कचा वेग मोजून ‘डिस्क मंद आहे’ असा निष्कर्ष काढू नये. घाई असेल तर एमकेएफएसलाच -ई लेझी_आयटेबल_इनिट=० द्यावं; फॉरमॅटला वेळ लागतो, पण नंतरची कुरकुर नाही.

चुकीच्या डिस्कवर एमकेएफएस मारला तर? माउंट असलेल्या डिस्कला ती नकार देते, जुनी फाइल सिस्टम सापडली तर विचारते. विचारण्याचा पहारा एका मोठ्या एफने उठतो, माउंटचा तो दोनदा दिल्यावर. नेटवरून उचललेल्या स्क्रिप्टमध्ये -एफ दिसला की तो आधी काढायचा.

५ जून

आजचा विषय एकच: सर्व्हर चालू होताना डिस्क सापडली नाही तर काय व्हावं. फॉरमॅट आणि माउंट कुणालाही जमतं. दफ्तर बुडतं ते इथे.

आधी जागा. /डेटा फोल्डर बनवलं आणि माउंट करायच्या आधीच त्याला सीएचअ‍ॅटर +आय लावलं. आता डिस्क माउंट नसेल तेव्हा त्या रिकाम्या फोल्डरमध्ये रूटलासुद्धा काही लिहिता येत नाही. माउंट मात्र त्यावर नेहमीसारखं होतं, आणि मग डिस्कच्या स्वतःच्या परवानग्या लागू होतात.

एफएसटॅबची (बूट होताना काय कुठे माउंट करायचं त्याची फाइल) ओळ, ब्लकआयडीने मिळालेला पार्टिशनचा यूयूआयडी (न बदलणारा ओळख-क्रमांक) घेऊन:

यूयूआयडी=… /डेटा एक्स्ट४ डिफॉल्ट्स,नोएटाइम,नोफेल,एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=३०एस ० २

डिव्हाइसचं नाव कधीच टाकायचं नाही. कारण परवाच्या नोंदीत आहे. शेवटचा २ म्हणजे मूळ डिस्कनंतर हिची तपासणी.

नोफेल नसेल तर काय होतं ते चाचणीच्या सर्व्हरवर मुद्दाम करून पाहिलं. यूयूआयडीचं एक अक्षर बदलून रीबूट. सिस्टमडी (बूट आणि सेवा सांभाळणारा उबुंटूचा भाग) ९० सेकंद डिस्कची वाट बघते आणि इमर्जन्सी मोडमध्ये जाते. एसएसएच (दुरून सर्व्हरमध्ये शिरायची वाट) बंद. सिरियल कन्सोलवर रूट खातं कुलूपबंद असल्याचा संदेश, कारण उबुंटूच्या क्लाउड इमेजमध्ये रूटला पासवर्डच नसतो. ऑफिसातलं मशीन असतं तर गाडी काढून कीबोर्ड लावला असता. इथे सुटका अशी: सर्व्हर थांबवा, मूळ डिस्क काढा, त्याच झोनमधल्या दुसऱ्या सर्व्हरला जोडा, माउंट करून एफएसटॅब दुरुस्त करा, परत पहिल्याला जोडा आणि जोडताना मूळचंच नाव द्या, उबुंटूच्या इमेजला ते /डेव्ह/एसडीए१ असतं. सवय असलेल्याला अर्धा तास. पहिल्यांदाच करणाऱ्याची दुपार जाते.

म्हणजे नोफेल हवंच. पण बहुतेक जण इथेच थांबतात, आणि नोफेल ही अर्धीच सोय आहे. नोफेल लावलं की डिस्क नसतानाही सर्व्हर हसतमुखाने चालू होतो. पोस्टग्रेस आणि फोटोचं अ‍ॅप आपापल्या जागी लिहायला बघतात, आणि +आयचा पहारा नसेल तर ते सगळं मूळ डिस्कवरच्या /डेटा नावाच्या साध्या फोल्डरमध्ये जाऊन पडतं. कुणाला कळत नाही. दोन दिवसांनी डिस्क माउंट झाली की ते फोटो तिच्याखाली झाकले जातात: फायली दिसत नाहीत, जागा मात्र अडलेली. शिवाय नोफेल असलं की हे माउंट पूर्ण होईपर्यंत बूट थांबत नाही, त्यामुळे डिस्क धडधाकट असतानाही सेवा तिच्या आधी उठू शकते.

यावर उतारा सेवेच्या बाजूने. सिस्टमसीटीएल एडिटने सेवेच्या युनिट विभागात एकच ओळ: रिक्वायर्समाउंट्सफॉर=/डेटा. मग माउंट झाल्याशिवाय सेवा उठत नाही, आणि माउंट फसलं तर सेवा उघडपणे फसते. पोस्टग्रेससाठी ही ओळ कुठे घालायची ते नीट बघावं. पोस्टग्रेसक्यूएल.सर्व्हिस ही नुसती छत्री आहे, खरा डेटाबेस पोस्टग्रेसक्यूएल@१६-मेन.सर्व्हिसमध्ये चालतो. त्यात अशी ओळ आधीपासून असते, पण ती जुन्या /व्हार/लिब मधल्या जागेसाठी. नवी जागा आपण सांगायची.

एफएसटॅब बदलल्यावर क्रम ठेवायचा: सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड, फाइंडएमएनटी (काय कुठे माउंट आहे ते दाखवणारी) --व्हेरिफाय, माउंट -ए, पुन्हा फाइंडएमएनटी /डेटा. रीबूट त्यानंतर. व्हेरिफायने चाचणीतला चुकीचा यूयूआयडी लगेच पकडला होता. त्या एका कमांडने इमर्जन्सी मोडची सगळी वरात वाचते.

७ जून

फोटोंची पहिली फेरी, अ‍ॅप चालू असतानाच: आरसिंक (फायलींची प्रत काढणारी कमांड) -एएचएएक्स --न्यूमेरिक-आयडीज, टीमक्सच्या आत, म्हणजे आपली जोडणी तुटली तरी काम चालू राहतं. स्रोताच्या शेवटी तिरकी रेघ द्यायची, नाहीतर फोल्डरच्या आत तेच फोल्डर तयार होतं. ५८ जीबीला १२५ एमबीच्या वेगाने हिशेबाने आठ मिनिटं. हजारो लहान फायलींमुळे प्रत्यक्षात त्याच्या तिप्पट.

मालकी माउंट केल्यानंतरच बदलायची. माउंटच्या आधी /डेटाला सीएचओन केलं तर (+आय नसेल तेव्हा) ते खालच्या फोल्डरला लागतं, आणि नव्या डिस्कचं मूळ रूटच्याच नावावर राहतं. मग ‘परमिशन नाकारली’ म्हणून शोधाशोध.

८ जून

बदलाचा दिवस. दुसरी पाळी सुटल्यावर, तिसऱ्या पाळीने भट्टी लावायच्या आत. त्या वेळात तपासणी टेबलावरून फोटो चढत नाहीत.

अ‍ॅप बंद, पोस्टग्रेस बंद. फोटोंची दुसरी फेरी --डिलीटसह, आधी -एन लावून काय पुसणार ते वाचून. बदल थोडेच होते, दोन मिनिटांत झालं. पोस्टग्रेसचे ९ जीबी मात्र बंद असतानाच एका दमात. चालू डेटाबेसच्या फायली उचलून नेल्या तर प्रत दिसायला पूर्ण असते आणि उठत नाही.

डेटाबेस थेट /डेटामध्ये ठेवला नाही, /डेटा/पीजी/१६/मेन. एक्स्ट४ च्या मुळाशी लॉस्ट+फाउंड हे फोल्डर असतंच, आणि फोल्डर रिकामं नाही म्हणून इनिटडीबी (नवा डेटाबेस मांडणारी कमांड) अशा जागी काम करायला नकार देते. आतल्या फोल्डरची परवानगी ०७००, मालक पोस्टग्रेस. याहून सैल, म्हणजे ०७५० च्या पुढे गेली तर सेवा उठत नाही. मग पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फमध्ये डेटा_डिरेक्टरी बदलली. मायएसक्यूएल असती तर उबुंटूवर अ‍ॅपआर्मरलाही (कुठल्या प्रोग्रामने कुठल्या फायलींना हात लावायचा ते ठरवणारा पहारा) नवी जागा कळवावी लागली असती. ते विसरलं की परवानग्या बरोबर असूनही नकार येतो आणि माणूस चक्रावतो.

फोटोंसाठी जुन्या जागी /डेटा/फाइल्सकडे जाणारी सिम्लिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी खूण). डिस्क नसेल तर लिंक तुटकी राहते, लिहिणं तिथेच अडतं. इथे हवंय ते हेच. जुनी फोल्डरं पुसली नाहीत, नावामागे ‘जुनं’ लावून ठेवली.

१० जून

दोन चाचण्या. साधं रीबूट: डिस्क आली, सेवा आल्या. यात फार काही सिद्ध होत नाही.

मग सर्व्हर थांबवून डेटाची डिस्क कन्सोलवरून काढली आणि सर्व्हर तसाच चालू केला. एसएसएच लगेच मिळाला. तीस सेकंद डिस्कची वाट बघून पोस्टग्रेस ‘डिपेंडन्सी फेल्ड’ म्हणून बंद, अ‍ॅपही बंद, मोबाइलवर फोटो चढवताना सरळ चूक दिसली. टच /डेटा/अबक केलं, रूटलाही नकार. डिस्क परत जोडून सर्व्हर पुन्हा उठवला.

खाली काही झाकलं गेलंय का, तेही पाहिलं: माउंट --बाइंड / /एमएनटी, मग डीयू /एमएनटी/डेटा. रिकामं. जिथे डीयूची बेरीज आणि डीएफचा आकडा जुळत नाही तिथे आधी इथे बघावं.

रात्री उद्यमनगरच्या मशीनवरचे १६० जीबी चढवायला लावले. लाइनचा अपलोड ५० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला सव्वासहा एमबी. हिशेबाने सात तास. --पार्शल लावलं, लाइट गेली तरी अर्धवट फाइल पहिल्यापासून नको.

१४ जून

स्नॅपशॉट. सगळा डेटाबेस, त्याचे वॉल लॉग (बदल करण्याआधी लिहिलेली नोंद) आणि फोटो एकाच डिस्कवर असल्यामुळे चालू स्थितीतला स्नॅपशॉटही उठतो. वीज गेल्यासारखी अवस्था, पोस्टग्रेस ती सावरते. एफएसफ्रीझ (डिस्कवर लिहिणं थोडा वेळ गोठवणारी कमांड) वापरलं नाही. वापरायचं असेल तर स्नॅपशॉटची कमांड परत आली की लगेच -यू ने सोडावं, स्नॅपशॉट शंभर टक्के व्हायची वाट बघायची नसते. सोडायचं राहिलं तर /डेटावर लिहिणारं सगळं लटकतं.

स्नॅपशॉट परत उभा करून पाहिल्याशिवाय तो बॅकअप धरत नाही. त्यातून डिस्क बनवली, चाचणीच्या सर्व्हरला जोडली. चालू सर्व्हरला जोडायची नाही: प्रतीचा यूयूआयडी तोच असतो, आणि दोन्ही डिस्क असताना रीबूट झालं तर एफएसटॅबच्या ओळीला कुठलीही सापडू शकते. जोडावीच लागली तर आधी दुसऱ्या सर्व्हरवर ई२एफएसके -एफ ने तपासणी, मग ट्यून२एफएस -यू रँडमने नवा यूयूआयडी.

प्रत वाचताना सुरुवातीला रांगली. स्नॅपशॉटमधून आलेल्या डिस्कचा प्रत्येक ब्लॉक पहिल्यांदा वाचला जातो तेव्हाच मागून आणला जातो. डीडीने आख्खी डिस्क एकदा वाचून काढली की वेग येतो. ५०० जीबीला अगदी पूर्ण वेगानेही ६८ मिनिटं, पहिल्या वाचनात त्याहून जास्तच. संकटाच्या दिवशी ‘किती वेळात चालू होईल’ असं विचारलं जाईल तेव्हा हा वेळ धरूनच उत्तर द्यायचं.

१७ जून

याच प्रतीवर वाढवण्याची तालीम. कन्सोलवर ५०० चे ५२० केले. एलएसबीएलके डिस्क ५२० दाखवते, पार्टिशन ५००. थेट रीसाइझ२एफएस (फाइल सिस्टम वाढवणारी) चालवलं तर ‘करण्यासारखं काही नाही’ एवढंच म्हणते, आणि लोक कन्सोलवर जाऊन डिस्क आणखी वाढवतात. आधी ग्रोपार्ट (पार्टिशन वाढवणारी), डिस्कचं नाव आणि पार्टिशन क्रमांक यांमध्ये जागा सोडून, मग रीसाइझ२एफएस. माउंट असतानाच झालं. एक्सएफएस असती तर एक्सएफएस_ग्रोएफएसला पार्टिशन नव्हे, माउंटची जागा द्यावी लागते.

प्रतीची डिस्क काम झाल्यावर हटवली. नुसती सुटी करून ठेवलेली डिस्कही भाडं खाते.

१८ जून

दहा दिवस झाले, कुणाची तक्रार नाही, ‘जुनं’ लावलेली फोल्डरं पुसली. ६७ जीबी मोकळे व्हायला हवे होते, डीएफच्या हिशेबाने ६३ च झाले. एलएसओएफ +एल१: फोटो आयात करणारी जुनी प्रक्रिया बदलाच्या आधीपासून चालू राहिलेली, तिने पुसलेल्या फायली अजून उघड्या धरलेल्या. ती पुन्हा चालू केल्यावर जागा सुटली. मूळ डिस्क आता २२ टक्के.

८ तारखेला अ‍ॅपसोबत हीही थांबवायला हवी होती. सेवांच्या यादीत तिचं नाव नव्हतं. आता घातलं, आणि तिलाही रिक्वायर्समाउंट्सफॉर लावलं.

१९ जून

/डेटावर २३१ जीबी भरले. लक्ष ठेवायला दोन पायऱ्या. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, ही भाषा ऑफिसात शिपायापासून सगळ्यांना कळते, म्हणून संदेशांचीही नावं तीच: ७५ टक्क्यांवर इशारा, ८८ वर धोका. रोज अर्धा जीबी या वेगाने दोन्हींमध्ये चार महिने मिळतात, वाढवण्याची मंजुरी यायला पुरेसे. तपासणी डीएफने तर हवीच, इनोडसाठी डीएफ -आय नेही. आणि त्याआधी फाइंडएमएनटी /डेटा; डिस्क माउंट नसेल तर डीएफ मूळ डिस्कचे २२ टक्के दाखवून गप्प बसतं.